निखळलेला दात जिवंत असतो

आठ-नऊ वर्षांचं मूल हसलं की वरचे दोन पटाशीचे दात त्या इवल्या चेहऱ्याला जरा मोठेच वाटतात. ते सातव्या-आठव्या वर्षी येतात आणि जन्मभर पुरायचे असतात. नेमक्या त्याच वयात सायकल, क्रिकेट आणि शाळेच्या जिन्यातली पळापळ जोरात असते. पडल्या-आपटल्यावर मुळासकट निखळतात ते बहुधा हेच दात.

आपल्याला दिसतो तो या दाताचा निम्म्याहून कमी भाग. उरलेलं मूळ जबड्याच्या हाडात असतं, पण ते हाडाला चिकटलेलं मात्र नसतं! दोहोंच्या मध्ये सुमारे 0.2 मिलिमीटरची फट असते आणि तिच्यात असंख्य सूक्ष्म तंतू असतात. त्यांचं एक टोक हाडात रुतलेलं, दुसरं मुळात. झोळीत मूल असावं तसा दात या तंतूंवर तोललेला असतो. चावण्याचा भार तेच झेलतात. भातातला बारीक खडा दाताखाली येताच आपण थबकतो, तेही तिथल्या नसांमुळे.

दात निखळतो तेव्हा हे तंतू तुटतात. काही खोबणीत राहतात, काही मुळावर. मुळावरच्या त्या ओल्या, जेमतेम दिसणाऱ्या थरातल्या पेशी अजून जिवंत असतात. दात वेळेत जागेवर गेला तर त्या पुन्हा कामाला लागतात आणि तुटलेले तंतू सांधले जातात. मला हे शरीराच्या थोर करामतींपैकी एक वाटतं.

यात सगळा खेळ मिनिटांचा आहे. येन्स ओवे आंद्रेआसेन या डॅनिश दंतशल्यतज्ज्ञांनी 1966 साली सहकाऱ्यासोबत पुन्हा बसवलेल्या 110 दातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्ध्या तासाच्या आत बसवलेल्या बहुतेक दातांची मुळं शाबूत राहिली. दोन तासांहून जास्त बाहेर राहिलेल्या बहुतेकांची झिजली. कोरड्या हवेत तासभर राहिलेल्या मुळावरच्या पेशी वाचत नाहीत, असं आज मानलं जातं. मग शरीर त्या मुळाला हाडच समजतं, हळूहळू ते खातं आणि त्या जागी खरोखरीचं हाड भरतं. मुलाचा जबडा वाढत राहतो, दात मात्र तिथेच अडकतो आणि शेजारच्या दातांपेक्षा आखूड दिसू लागतो.

म्हणून रुमालात किंवा कागदात गुंडाळून दात खिशात ठेवणं, ही सर्वांत घातक काळजी. त्याऐवजी दात उचला तो पांढऱ्या भागाला धरून. मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर दुधाने किंवा सलाइनने हलकेच धुवा. घासायचं नाही, साबण नाही, डेटॉल तर नाहीच. मूल शुद्धीवर आणि शांत असेल तर दात तिथल्या तिथे खोबणीत बसवा: फुगीर बाजू ओठाकडे, खोलगट बाजू जिभेकडे. शेजारचा दात पाहिला की दिशा कळते. मग स्वच्छ रुमाल हलकेच चावून धरायला सांगा आणि थेट दंतवैद्याकडे निघा.

हात धजावत नसेल तर दात थंड, साध्या दुधात बुडवा. यातही विज्ञान आहे. साध्या पाण्यात क्षार फारच कमी, त्यामुळे पाणी पेशींत शिरतं आणि त्या फुगून फुटतात. दुधात विरघळलेल्या पदार्थांचं एकूण प्रमाण शरीरातल्या द्रवांच्या जवळपास असतं, म्हणून त्यात पेशी काही तास तग धरतात. दूध नसेल तर मुलाला वाटीत थुंकायला सांगून त्या लाळेत दात ठेवा. काहीच नसेल तर पाणीही चालेल, कारण कोरडं राहणं त्याहून वाईट.

दोन अपवाद लक्षात असू द्या. दुधाचा दात कधीही परत बसवायचा नाही. खाली तयार होणाऱ्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते. नवा पटाशीचा दात आकाराने मोठा असतो आणि त्याची कड बहुधा दातेरी असते, त्यावरून तो ओळखता येतो. आणि मूल बेशुद्ध पडलं असेल, उलट्या करत असेल किंवा डोक्याला जोराचा मार लागला असेल, तर आधी हॉस्पिटल. दात दुधात घालून सोबत न्या.

पुढचं काम दंतवैद्याचं. तो बारीक, लवचिक तारेने दात शेजारच्या दातांना साधारण दोन आठवडे बांधतो, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारतो. मूळ पूर्ण वाढलेलं असेल तर याच दोन आठवड्यांत रूट कॅनॉल सुरू करावं लागतं. लहान मुलाच्या मुळाचं टोक अजून उघडं असेल, तर आतल्या रक्तवाहिन्या पुन्हा रुजण्याचीही शक्यता असते. तासभर उलटून गेला तरी दात फेकू नका. तो काही वर्षं जरी टिकला तरी तिथलं हाड राखतो.

पण हे सगळं घडेल तेव्हा तुम्ही जवळ असालच असं नाही. वर्गशिक्षकांना, क्रिकेटच्या कोचला, स्कूलबसच्या ताईंना हे आजच सांगून ठेवा.