अहो, जरा गाडी थांबवता?

घरातला फोटोंचा अल्बम एकदा काढून बघा, नाहीतर फोनमधले गेल्या दोन सहलींचे फोटो. त्यांत तुम्ही कुठे दिसता? बहुधा डब्यातून पोळ्या वाढताना, नाहीतर मुलांच्या मागे अर्ध्या कापलेल्या. आणि तुम्ही स्वतः काढलेले फोटो किती? माझ्या घरी कित्येक वर्षं एकही नव्हता. कॅमेरा ह्यांच्या गळ्यात आणि पाण्याची पिशवी माझ्या खांद्याला!

अष्टविनायकाची यात्रा केलेल्या मैत्रिणींना मोरगाव ठाऊकच आहे. पण तिथून जवळच, सुप्याला, मयूरेश्वर अभयारण्य आहे, हे किती जणींना माहीत आहे? १९९७ साली राखून ठेवलेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं गवताळ माळरान. दाट झाडी नाही की वाघ नाही. पण सकाळच्या तिरप्या उन्हात पिवळ्या गवतातून चिंकारा मान वर करून बघतो ना, तेव्हा गाडीतली पोरंसुद्धा आपोआप गप्प होतात.

पहिल्या खेपेला मी काय केलं असेल? धाडकन दार उघडून खाली उतरले! शेपटीचा काळा गोंडा दोनदा हलला, आणि माझ्या फोटोत आलं नुसतं गवत. चिंकारा गाडीला फारसा बुजत नाही, पण दोन पायांवर उभं राहिलेलं माणूस दिसलं की पळालाच. तेव्हा उतरू नका. गाडी हीच तुमची लपण्याची जागा समजा. इंजिन मात्र बंद करायला सांगा. ते थरथरतं आणि त्यासरशी फोटोही हलतो.

हात स्थिर राहावा म्हणून एक घरगुती युक्ती सांगते. जुन्या जीनच्या पायाची दीड वीत पिशवी शिवा, त्यात किलोभर तांदूळ किंवा हरभरे भरा आणि तोंड टाके घालून बंद करा. ही उशी गाडीच्या खाली केलेल्या काचेवर ठेवायची आणि तिच्यावर कॅमेरा टेकवायचा. मोबाइललाही चालते. (ते हरभरे पुन्हा डब्यात जायचे नाहीत हं, म्हणून जुनेच घ्या, पण कडक ऊन दाखवून.) ऊन आपल्या पाठीशी असावं, नेम प्राण्याच्या डोळ्यावर धरावा. मोबाइलवर बोटांनी फार जवळ ओढू नका. चित्र भुरकट होतं. त्यापेक्षा चिंकारा लहानच येऊ द्या, भोवतीचं मोठं माळरान त्याला शोभतं.

हे सगळं सकाळी नऊच्या आत. पुढे ऊन डोक्यावर येतं, रंग उडतात आणि जनावरं सावली धरतात. म्हणजे पुण्याहून पाचला निघायला हवं, आणि पाचला निघायचं तर आदल्या रात्रीच दशम्या, शेंगदाण्याची चटणी करून ठेवायला हवी. न्याहारी घरी करूनच निघायची हा हट्ट सोडा.

खरं सांगू? कॅमेरा शिकायला मला दोन दिवस लागले. “गाडी थांबवा” म्हणायला दोन वर्षं. “उशीर होतोय”, “परत येताना बघू”, हे तुम्हीही ऐकलं असेलच. मी आदल्या दिवशीच ठरवून टाकलं, वाटेत तीन थांबे माझे. आधी थोडी कुरकुर झाली, झाली तर झाली.

भिगवणची गोष्ट मात्र सांगायला जड जाते. सोलापूर रस्त्यावर, उजनी धरणाच्या फुगवट्यात हिवाळ्यात फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी, उतरतात. आम्ही होडीतून गेलो. चोच उलटी बुडवून त्यांचा थवा चिखलपाणी गाळत होता. मी होडीवाल्याला म्हटलं, “दादा, अजून थोडं पुढे घ्या ना.” त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वल्हं मारलं. पक्षी पाण्यावर धावले, सगळा थवा उठला, गुलाबी पंख पसरले. फोटो अप्रतिम आला! होडीवाले दादा एवढंच म्हणाले, “ताई, खाता खाता उठले बघा.”

जेवायला बसलेल्या पाहुण्याला पाटावरून उठवावं, तसं वाटलं मला. एवढं मोठं अंग पाण्यावरून उचलायचं म्हणजे केवढी ताकद लागते, आणि दिवसभर आपल्यासारखे किती जण येत असतील! तो फोटो सगळ्यांना आवडला, पण मी भिंतीवर लावला नाही.

उन्हाळ्यात टिटवीचंही तसंच. ती उघड्या जमिनीवर अंडी घालते. आपण जवळ रेंगाळलो तर ती ओरडत भोवती फिरत राहते आणि अंडी उन्हात तापतात. घरट्याचा फोटो नकोच, अन् व्हॉट्सॲपवर जागेचा पत्ता तर मुळीच नको.

माणसांचे फोटो मात्र विचारून खुशाल काढा. सुप्याच्या वाटेवर मेंढ्यांमागे चाललेल्या एका आजींचा, कडेवर कोकरू घेतलेला फोटो मी काढला होता. पुढच्या खेपेला मुद्दाम छापून नेला. त्यांनी तो पदराने पुसला, लांब धरून पाहिला आणि म्हणाल्या, “कोकरू झ्याक आलंय. म्या कशाला मधी?”

ह्यांनी तेवढ्यात आम्हां दोघींचा फोटो काढला. पाण्याची पिशवी त्यांच्या खांद्याला होती.