तळे खुले झाले, पाणी कोणाला?

भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच मोरा बंदराला लागायची तर भरती-ओहोटी पाहावी लागते. ओहोटी मोठी असली की गाळामुळे लाँच थांबते, माणसे ताटकळतात. याच उरण तालुक्यातील द्रोणागिरीचा समावेश सिडकोने २०१५ साली जाहीर केलेल्या दक्षिण नवी मुंबईच्या 'स्मार्ट सिटी' आराखड्यात झाला. अशा शहराचा कारभार पर्यावरणपूरक असेल, ऑनलाईन असेल आणि लोकसहभागातून चालेल, असे सांगितले जाते. पण हे 'लोक' म्हणजे कोण?

ऑनलाईन कारभाराला आमचा विरोध नाही. संगणक अर्जाची तारीख नोंदवून ठेवतो, दलालाची गरज कमी करतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत घातली, अपिलाची सोय केली. परंतु घरबसल्या दाखला मिळणे वेगळे आणि खाडी बुजवायची की नाही, या निर्णयात वाटा मिळणे वेगळे. पहिली सोय आहे, दुसरा अधिकार आहे.

२०२० साली केंद्राने पर्यावरण परिणाम मूल्यांकनाचा नवा मसुदा काढून हरकती मागवल्या. मसुदा इंग्रजी आणि हिंदीत होता. आठव्या अनुसूचीतील भाषांत त्याचे भाषांतर करा, असे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले. ज्याची मासळी जाणार, त्याला मसुदाच वाचता येत नसेल, तर त्याने हरकत कशी घ्यावी?

उरणच्या मच्छीमारांनी न्याय मागितला तो लढून. जेएनपीटी बंदराच्या विस्ताराच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. पण आदेश आला तो नुकसान झाल्यानंतर. आधी कोणी विचारले असते, तर ही वेळ आली असती काय?

याच रायगड जिल्ह्यात महाड आहे. बोले ठराव १९२३ चा. त्यानुसार महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले, पण कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले, तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. आजच्या संकेतस्थळाची गतही तीच आहे. दार सर्वांना उघडे, पण भाषा, मोबाईल आणि सवड ज्याच्याकडे, तोच आत जातो. साडेबारा टक्के योजनेत भूखंड मिळाला तो मुख्यतः जमीनमालकाला.  संगणकाची यादी भूमिहीन मजुराला बाहेरच ठेवणार काय?

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक आराखडा सोप्या मराठीत, सर्व्हे नंबरसह गावात लावा. तोंडी हरकतही लिहून घ्या आणि तिचा नंबर द्या. हरकत फेटाळली तर कारण सर्वांना दिसेल असे जाहीर करा. आणि आपल्या कार्यकर्त्यांनी वस्तीत बसून, वाचून दाखवून, हरकती भरून घ्याव्यात. तळ्याचे पाणी घरी कोणी आणून दिले नव्हते. तिथे चालत जावे लागले होते.