माळ म्हणजे ओसाड जमीन नव्हे

संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष गवताळ कुरणं आणि पशुपालकांसाठी जाहीर केलं आहे. त्यांच्याच 2024 च्या अहवालानुसार जगातल्या जवळपास निम्म्या कुरणांचा ऱ्हास झाला असावा. पेण-रोह्याचे माळही त्यातून सुटलेले नाहीत, आणि त्यांच्याविषयी गैरसमजही बरेच आहेत.

गैरसमज : माळ म्हणजे पडीक जमीन.
वस्तुस्थिती : रोहा आणि मुरूड तालुक्यांत पसरलेलं फणसाड अभयारण्य 1986 चं. तिथे दाट जंगलाच्या मधोमध उघडे माळ आहेत. सांबरांना तिथे चारा मिळतो, आणि चंडोल गवताच्या बुडाशी, थेट जमिनीवर घरटं करतो.

गैरसमज : झाडं लावली की माळ सुधारतो.
वस्तुस्थिती : सगळे माळ सारखे नसतात. जंगल तोडून उघड्या पडलेल्या किंवा नाचणी-वरी पिकवून सोडून दिलेल्या वरकस उतारावर ऐन, किंजळ पुन्हा वाढू शकतात. पण कातळावर वीतभर माती असेल, तर तिथे गवतच मूळचं. अशा जागी मेक्सिकोकडून आलेलं गिरिपुष्प लावलं, तर सावलीत गवत मरतं.

गैरसमज : वणवा लावला की गवत जोमानं येतं.
वस्तुस्थिती : जोमानं येते ती बहुधा कुसळी. तिच्या बियांचं लांब कूस ओलं-कोरडं होताना पीळ घेतं आणि बी मातीत रुतवतं, म्हणून ते आगीतूनही वाचतं. गुरांना आवडणारी गवतं मात्र दरवर्षीच्या वणव्यात कमी होत जातात. पाचोळा जळाल्यानं उघडी पडलेली माती जूनच्या पहिल्या सरींत ओढ्याला लागते, आणि तिथून धरणाच्या गाळात भर घालते.

गैरसमज : चराई बंद केली की माळ वाचला.
वस्तुस्थिती : बेसुमार चराईनं नुकसान होतं, हे खरंच. पण चराईही नाही आणि कापणीही नाही, अशा माळावर वाळकं गवत साचतं आणि वणव्याला आयतं जळण मिळतं. रानमोडी, घाणेरी उपटायलाही कुणी फिरकत नाही. आळीपाळीनं चारणं आणि बी झडल्यावर गवत कापणं, हा मधला मार्ग.

ग्रामपंचायतींनी पावसाळ्यात खड्डे खणण्याआधी तिथली माती किती खोल आहे ते पाहावं, गावातल्या गुराख्यांना विचारावं आणि होळीच्या आधीच जाळरेषा काढाव्यात. रोपांच्या खर्चाआधी ही कामं व्हायला हवीत.