कीबोर्ड कधी यावा, कधी जावा

फॉर्मचा शेवटचा रकाना भरून होतो आणि नजर ‘सादर करा’ हे बटण शोधू लागते. बटण असते स्क्रीनच्या तळाशी, आणि नेमका तिथेच कीबोर्ड ठाण मांडून बसलेला असतो. रोज फोन हाताळणारा माणूस फारसा विचार न करता मागे जाण्याची खूण करतो, कीबोर्ड घालवतो आणि पुढे सरकतो. ज्याच्या हातात नुकताच पहिला स्मार्टफोन आला आहे, त्याला मात्र फॉर्म अडकला असेच वाटते. तो घरातल्या मुलीला हाक मारतो. ती घरात नसेल तर ॲप बंद करतो आणि भरलेली माहिती बहुतेक वेळा गमावून बसतो.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी ई-पीक पाहणीची नोंद स्वतःच्या मोबाईलवरून करू लागले. बँकेचे व्यवहार, शाळेचे प्रवेश, सरकारी योजनांचे अर्ज हे सगळे याच पाच-सहा इंचांच्या काचेवर आले आहे. अशा वेळी कीबोर्डने कधी वर यायचे, कधी खाली जायचे आणि कर्सर कुठे ठेवायचा, हे सजावटीचे प्रश्न उरत नाहीत. अर्ज पूर्ण होतो की अर्ध्यावर राहतो, हे त्यावर ठरते.

ही अडचण पडद्यावरच्या कीबोर्डइतकीच जुनी आहे. ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन दाखवला, तेव्हा त्या काळच्या फोनांवर त्यांचा मुख्य आक्षेप होता तो प्लॅस्टिकच्या बटणांवर. गरज असो वा नसो, ती बटणे जागा अडवून असत. आयफोनने बटणे काढून कीबोर्ड काचेवर आणला. लागेल तेव्हा दिसणारा, नको तेव्हा नाहीसा होणारा. कल्पना उत्तमच होती, पण ‘लागेल तेव्हा’ म्हणजे नेमके केव्हा, हे ठरवण्याचे काम त्या दिवसापासून ॲप लिहिणाऱ्याच्या गळ्यात पडले. पहिल्या आयफोनचा पडदा साडेतीन इंचांचा, ३२० बाय ४८० पिक्सेलचा. त्यात उभ्या फोनवर कीबोर्डची उंची २१६, म्हणजे जवळपास निम्मा पडदा. फोन आडवा धरला तर ३२० पैकी १६२, म्हणजे निम्म्याहून किंचित जास्तच.

अँड्रॉइडची सुरुवात वेगळी झाली. ऑक्टोबर २००८ मध्ये विक्रीला आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनला सरकवून बाहेर काढायचा खराखुरा कीबोर्ड होता. पडद्यावरचा कीबोर्ड आला तो एप्रिल २००९ मधल्या १.५ या आवृत्तीत, आणि तोही एक महत्त्वाची सोय घेऊन आला. कोणीही स्वतःचा कीबोर्ड बनवावा आणि वापरणाऱ्याने हवा तो निवडावा. आयफोनने ही मुभा सप्टेंबर २०१४ मध्ये दिली. मराठी लिहिणाऱ्यांचा यात मोठा फायदा झाला. आयआयटी मुंबईत तयार झालेला ‘स्वरचक्र’ हा कीबोर्ड या मोकळीकीमुळेच लोकांच्या फोनवर पोहोचू शकला. व्यंजनावर बोट ठेवले की भोवती चक्रात त्याची बाराखडी उमटते. असा कीबोर्ड फोन बनवणाऱ्या कंपनीकडून मिळण्याची वाट पाहावी लागली नाही.

आता ‘फोकस’ म्हणजे काय ते पाहू. पडद्यावर दहा रकाने असले, तरी टाइप केलेले अक्षर त्यांपैकी एकाच रकान्यात पडते. तो रकाना म्हणजे ज्याच्याकडे फोकस आहे तो. त्याची खूण म्हणजे लुकलुकणारा कर्सर. कीबोर्ड आणि फोकस जोडीने दिसतात, म्हणून ते एकच आहेत असे वाटते. तसे ते नाहीत. आयफोनवर त्यांची गाठ घट्ट आहे. रकान्याला ‘फर्स्ट रिस्पॉन्डर’ केले की कीबोर्ड वर येतो, त्याने ते पद सोडले की खाली जातो. अँड्रॉइडवर मात्र दोघांचे मार्ग वेगळे आहेत. कीबोर्ड खाली गेला तरी कर्सर रकान्यात लुकलुकत राहू शकतो, आणि रकान्यात कर्सर आला म्हणून कीबोर्ड वर येईलच असे नाही. दोन्हींकडे चालणारे ॲप एकाच साच्यातून काढू पाहणाऱ्याची पहिली ठेच इथे लागते.

दुसरी ठेच अधिक खोल आहे. कीबोर्ड ॲपच्या मालकीचा नसतो. तो स्वतंत्र प्रोग्राम असतो आणि दोघांमध्ये फोनची मूळ यंत्रणा उभी असते. ॲप फक्त विनंती करू शकते. ही अट असायलाच हवी, कारण कीबोर्डला प्रत्येक टाइप केलेले अक्षर दिसते. म्हणूनच पासवर्डच्या रकान्यात आयफोन बाहेरचा कीबोर्ड बाजूला सारून स्वतःचा पुढे करतो. यूपीआयचा पिन टाकताना तर नेहमीचा कीबोर्ड येतच नाही. चार किंवा सहा अंकी पिनसाठी दिसणारे अंकांचे पान नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने दिलेल्या घटकातून येते, त्यामुळे तो पिन पैसे पाठवणाऱ्या ॲपलाही वाचता येत नाही.

विनंती फेटाळली जाण्याचा नेहमीचा प्रसंग असा. लॉगिनचे पान उघडताच कीबोर्ड तयार असावा, म्हणून प्रोग्रामर दोन सूचना लिहितो: कर्सर या रकान्यात ठेव, कीबोर्ड दाखव. पण त्या सूचना पोहोचतात तेव्हा पान पुरते मांडलेले नसते. फोनच्या दृष्टीने अजून ते पान समोर आलेलेच नाही, म्हणून दुसरी सूचना तो सोडून देतो. कर्सर लुकलुकतो, कीबोर्ड येत नाही. यावरचा प्रचलित उपाय म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा थांबून पुन्हा विनंती करणे. प्रोग्रामरच्या टेबलावरच्या वेगवान फोनवर हा उपाय चोख चालतो. जुन्या, भरून गेलेल्या फोनवर पान मांडायलाच अर्धा सेकंद लागतो आणि सगळे पुन्हा तिथेच येते. वास्तविक पान उघडतानाच कीबोर्ड हवा आहे, हे अँड्रॉइडला आधी सांगून ठेवता येते, किंवा पानाला फोकस मिळाल्याची वर्दी येईपर्यंत थांबता येते. अंदाजाने धरलेली सवड हा उपाय नव्हे, तो दोष पुढे ढकलणे आहे, आणि त्याची किंमत स्वस्त फोनवाला मोजतो.

कीबोर्ड उघडा आहे की बंद, हे कळणेही अँड्रॉइडवर कित्येक वर्षे अवघड होते. पडद्याचा दिसणारा भाग मोजायचा आणि तो एकदम बराच आखडला तर कीबोर्ड आला असे समजायचे, असा सगळा मामला होता. पडदा दोन ॲपमध्ये विभागला किंवा कीबोर्ड तरंगता ठेवला की हे गणित कोलमडायचे. २०२० मध्ये आलेल्या अँड्रॉइड ११ ने कीबोर्ड दिसतो आहे का आणि किती जागा व्यापतो, याचे थेट उत्तर द्यायला सुरुवात केली. तो वर सरकत असतानाच पानालाही त्याच गतीने सरकवण्याची सोय तेव्हाच आली.

जागा कशी करायची, याचे दोन जुने मार्ग आहेत. एक म्हणजे उरलेल्या जागेत पान पुन्हा मांडायचे. दुसरा म्हणजे पान तसेच ठेवून आख्खे वर ढकलायचे, म्हणजे निदान चालू रकाना दिसेल. दुसऱ्या मार्गात वरचे शीर्षक आणि खालचे बटण दोन्ही दृष्टीआड होऊ शकतात. लांब फॉर्मसाठी पहिलाच मार्ग योग्य, आणि मुख्य बटण कीबोर्डच्या वर सरकून बसले पाहिजे. इतके केले तरी सुरुवातीला सांगितलेली अडचण सुटते.

यंत्रणा समजली तरी निर्णय उरतोच. कीबोर्ड आपणहून केव्हा आणावा? पान उघडण्यामागे लिहिण्याखेरीज दुसरा हेतू असूच शकत नाही, तेव्हाच. भिंगाच्या चिन्हावर बोट ठेवून शोधाचे पान उघडले, तर कीबोर्ड लगेच हवा. ओटीपीच्या पानावरही हवा. पण दुकानाच्या ॲपच्या पहिल्या पानावर शोधाची पट्टी आहे, एवढ्यावरून कीबोर्ड वर आणणे चूक आहे. माणूस तिथे वस्तू पाहायला आलेला असतो. स्वतःची माहिती बदलण्याच्या पानावरही आधी सगळे रकाने पाहू द्यावेत. व्हॉट्सॲपने हा तोल बरोबर साधला आहे. संभाषण उघडले की कीबोर्ड येत नाही, कारण आधी वाचायचे असते. संदेश पाठवला की कीबोर्ड जात नाही, कारण पुढचे वाक्य अनेकदा लागलीच लिहायचे असते. शोधाच्या बाबतीत उलट. शब्द लिहून ‘शोधा’ दाबले की कीबोर्ड हटलाच पाहिजे, नाहीतर निकाल दिसणार कुठे?

जाण्यातही खोच आहे. फेसबुकने २०१५ मध्ये खुल्या केलेल्या ‘रिॲक्ट नेटिव्ह’ या साधनावर असंख्य ॲप बनतात. त्यातल्या सरकत्या पानाचा मूळ नियम असा की कीबोर्ड उघडा असताना रकान्याबाहेर केलेला पहिला स्पर्श फक्त कीबोर्ड मिटवतो. समजा, कोणी रक्कम लिहून ‘सादर करा’वर बोट टेकवले. कीबोर्ड खाली गेला, पडदा हलला, काहीतरी घडल्यासारखे वाटले. प्रत्यक्षात बटण दाबलेच गेले नाही. सरावलेला माणूस दुसऱ्यांदा दाबतो. नवखा माणूस अर्ज गेला असे धरून फोन खिशात ठेवतो. हा नियम एका ओळीत बदलता येतो. तो न बदलता ॲप लोकांच्या हाती देणे हा निष्काळजीपणा आहे.

आयफोनच्या अंकांच्या कीबोर्डची अडचण वेगळी. त्यावर ‘रिटर्न’ची कळच नसते, म्हणून मोबाईल नंबर लिहून झाल्यावर तो घालवायचा कसा, हा प्रश्न पडतो. जाणकार प्रोग्रामर कीबोर्डच्या डोक्यावर ‘झाले’ असे बटण असलेली पट्टी बसवतात.

ओटीपीचे पान मात्र जरा जवळून पाहण्यासारखे आहे. सहा अंकांसाठी सहा सुट्या चौकटी दिसायला छान दिसतात. प्रत्येक चौकट वेगळा रकाना असेल, तर अंक पडताच फोकस पुढच्या चौकटीत न्यावा लागतो. चौथा अंक चुकला म्हणून मागे यायला जावे, तर रिकाम्या चौकटीत खोडण्याची कळ दाबल्याची वर्दी ॲपपर्यंत पोहोचेलच असे नाही, कारण तशी वर्दी देण्याचे बंधन पडद्यावरच्या कीबोर्डवर नाही. संदेशातून उचललेला आकडा चिकटवला, तर सहाही अंक पहिल्याच चौकटीत कोंबले जातात आणि पाच गळतात. चांगला उपाय साधा आहे: रकाना एकच ठेवायचा आणि त्याच्यावर सहा चौकटी नुसत्या चितारायच्या. मग फोकस हलवण्याचा प्रश्नच येत नाही. आयफोनवर २०१८ पासून संदेशातला ओटीपी कीबोर्डच्या वर आपोआप सुचवला जातो, तोही अशा रकान्यात बिनबोभाट भरतो.

कुठला कीबोर्ड आणायचा, हाही याच कामाचा भाग. जमिनीचे क्षेत्र विचारणाऱ्या रकान्यात ०.४० लिहायचे असते. तिथे नुसत्या अंकांचा कीबोर्ड आणला, तर काही फोनांवर दशांशाचे टिंबच सापडत नाही. बँकेच्या आयएफएससी कोडमध्ये चार अक्षरे, मग शून्य, मग सहा अंक किंवा अक्षरे असतात. त्या रकान्यात मोठी इंग्रजी अक्षरे हवीत आणि शब्द आपोआप दुरुस्त करण्याची सोय बंद हवी, नाहीतर कोडाचा भलताच शब्द होतो.

मराठीत लिहिताना आणखी एक गोष्ट घडते. अनेक जण रोमन अक्षरांत टाइप करून देवनागरी शब्द निवडतात. निवड होईपर्यंत शब्द कच्चा असतो, बहुधा अधोरेखित दिसतो. नेमक्या त्या क्षणी ॲपने फोकस हलवला किंवा रकान्यातला मजकूर बदलला, तर शब्द अर्धाच पडतो, किंवा रोमनमध्येच राहतो. अक्षरे मोजून पुढच्या रकान्यात उडी मारणारी ॲप तर देवनागरीत हमखास चुकतात, कारण ‘क्षि’ हे डोळ्यांना एक दिसणारे अक्षर संगणकाच्या लेखी चार चिन्हांचे असते. शिवाय शब्द सुचवणाऱ्या पट्टीमुळे कीबोर्डची उंची वाढू शकते. इंग्रजी कीबोर्डवर मापून बसवलेले बटण मग मराठी लिहिणाऱ्यालाच दिसत नाही.

न पाहता फोन वापरणाऱ्यांचा विचार तर सर्वांत आधी व्हायला हवा. पडदा वाचून दाखवणारी सोय सुरू असताना ॲपने मनाने फोकस हलवला, की चालू वाक्य तुटते आणि भलताच रकाना वाचला जाऊ लागतो. वेब सर्वांना वापरता यावे यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. ज्या घटकावर फोकस आहे, तो पानावरच्या इतर मजकुराखाली पूर्ण झाकला जाऊ नये, अशी अट त्यात नव्याने घातली आहे.

ॲप बनवणाऱ्यांनी एवढे तरी करावे. कार्यालयातला सर्वांत लहान आणि संथ फोन घ्यावा, त्यावर अक्षरांचा आकार मोठा करावा, मराठी कीबोर्ड लावावा आणि स्वतःचा फॉर्म एका हाताने पहिल्या रकान्यापासून ‘सादर करा’पर्यंत भरून पाहावा. आणि वाचकांनी, एखाद्या ॲपमध्ये कीबोर्डखाली बटण दडले तर आपल्यालाच जमत नाही असे समजून गप्प बसू नये. कोणते पान, कोणता फोन, कोणता कीबोर्ड, एवढे लिहून त्या ॲपच्या अभिप्रायात तक्रार नोंदवावी.