कांद्यावरील संशोधनाची संगणकीय सूची
लासलगावच्या बाजारपेठेमुळे देशभर ओळखल्या जाणाऱ्या नाशिक जिल्ह्याच्या कांद्यावरील संशोधन वाचकाला नेमके सापडायचे, तर त्याची विषयसूची, म्हणजे कोणत्या लेखात कोणता विषय आला आहे हे सांगणारी यादी, चोख असावी लागते. त्यासाठी संगणक लेखांतील शब्द मोजतो. परंतु ‘पीक’ किंवा ‘उत्पादन’ हे शब्द बहुतेक कृषिलेखांत येत असल्याने ते सूचीच्या फारसे कामाचे नसतात. संग्रहात क्वचित आढळणाऱ्या शब्दाला अधिक भार द्यावा, हा संगणकशास्त्रज्ञ कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडलेला विचार म्हणूनच आजही पायाभूत ठरतो.

मराठीत खरी कसोटी याच्याही आधी लागते. ‘कांद्याचा’, ‘कांद्यावर’, ‘कांद्यांना’ ही रूपे संगणकाला वेगवेगळी वाटतात, म्हणून प्रत्यय सोडवून व सामान्यरूप ओळखून ती ‘कांदा’ या मूळ शब्दाशी जोडावी लागतात. शेतकरी ज्याला ‘जांभळा करपा’ म्हणतो, तो रोग संशोधनलेखात ‘अल्टर्नेरिया पोरी’ या बुरशीच्या नावाने येतो. अशी नावे एकत्र बांधण्याचे काम नियंत्रित शब्दसंग्रह, म्हणजे ठरवून घेतलेल्या संज्ञांचा कोश, करतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा ‘ॲग्रोव्होक’ हा असाच बहुभाषी कोश होय. कृषी महाविद्यालयांनी आणि ग्रंथालयांनी मराठी संज्ञांची अशी जोडणी आता प्राधान्याने हाती घ्यावी.