पिकअपच्या ब्रेकची घरघर
ब्रेक दाबताच पिकअपच्या पुढच्या चाकातून जात्यासारखी घरघर येऊ लागली, म्हणजे पॅडचा मसाला निःशेष झिजून त्यामागील लोखंडी पट्टी डिस्कला खरवडू लागली, असे बहुधा समजावे. मात्र ब्रेक न दाबताही आवाज येत असेल, तर डिस्क व तिच्यामागील पत्रा यांत अडकलेला खडा आधी शोधावा. चाक उतरविल्यावर आतला पॅड झिजलेला आणि बाहेरचा शाबूत आढळला, तर खरा गुन्हेगार कॅलिपरची गंजून जाम झालेली पिन असण्याचा संभव अधिक, आणि ती साफ करून ब्रेकचे खास ग्रीस लावल्यावाचून नवे पॅड बसविणे हा निव्वळ अपव्यय होय! पॅडचा मसाला ३ मिलिमीटरवर आला की दोन्ही चाकांचे पॅड एकदमच बदलावेत. काम उरकल्यावर पेडल कडक होईपर्यंत दाबल्याखेरीज गाडी जागची हलवू नये.