ठासणीची बंदूक: सातपुड्यातील आणि सातासमुद्रापलीकडील

नळीच्या तोंडातून आधी दारू, मग बोळा आणि छर्रे घालून जी गजाने ठासून भरावी लागते, त्या ठासणीच्या बंदुकीला काडतुसाच्या बंदुकीने केव्हाच मागे टाकले असले, तरी भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यातील कलम १३ मध्ये पीकरक्षणासाठीच्या परवान्यासंदर्भात तिचा स्वतंत्र उल्लेख आढळतो. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरउतारांवर मका-ज्वारी पिकवणाऱ्या शेतकऱ्याला त्या तरतुदीचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. मात्र येथील भिल्ल समाजाचे खरे शस्त्र बंदूक नसून बांबूच्या कामटीचीच दोरी असलेला तिरकामठा हेच होय. पीकरक्षणाचा परवाना म्हणजे हरणाच्या शिकारीची मुभाही नव्हे, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ, सांबर, भेकर यांची शिकार गुन्हा ठरवली आहे, आणि ते योग्यच झाले.

अमेरिकेत मात्र हरणांच्या शिकारीचे हंगाम ठरलेले असून ठासणीच्या शस्त्रांसाठी अनेक राज्ये वेगळे दिवस राखून ठेवतात. पेनसिल्व्हेनियाने १९७४ मध्ये असा हंगाम सुरू केला तो गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या चकमकीच्या बंदुकीसाठी, जिची दारू दमट हवेत दगा देते आणि जिची एक गोळी हुकली की दुसरी भरेपर्यंत सावज निसटते. पुढे १९८५ मध्ये टोनी नाइट यांनी घोडा नळीच्या सरळ रेषेत बसवलेली ठासणीचीच रायफल, म्हणजे आतून पीळदार आटे असलेली बंदूक, बाजारात आणली. तिच्या वंशातील आजच्या रायफली दुर्बीण लावून लांबचा अचूक नेम साधतात, आणि म्हणूनच जुन्या बंदुकीच्या मर्यादेवर उभ्या असलेल्या हंगामात त्यांना जागा द्यावी का, हा तेथील शिकाऱ्यांमधील वाद रास्त ठरतो.